एकेचाळिसाव्या पानावर चिठ्ठी नव्हती

रविवार, १५ जानेवारी १९५०. काम : तुमचं दुकान झाडून घेणं.

अंबादासराव, त्याच्या दोनच दिवस आधी तुमचा तेरावा झाला. तुमचा पुतण्या परभणीला परतला आणि जाताना दुकानाची किल्ली माझ्या हातात देऊन गेला. पुस्तकं आमच्या शाळेला द्यायची, असं तुम्ही त्याला आधीच सांगून ठेवलं होतंत म्हणे. मला काही बोलला नव्हतात. बोलणार कसे? डिसेंबरपासून तुमचं माझ्याशी बोलणंच बंद होतं.

तर सकाळी आठला केरसुणी, दोन फडकी आणि कडुनिंबाचा पाला घेऊन सुलतान बाजारामागच्या तुमच्या गल्लीत आले. पंचवीस वर्षांची धूळ तुम्ही जपून ठेवली होतीत, ती दुपारपर्यंत काढली. तुमच्या गादीमागच्या खालच्या खणात पाच पुस्तकं सापडली, उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली. वर्तमानपत्राला कसर लागते. मी सुतळ्या सोडल्या, कागद काढले. पुस्तकांवर दुकानाचा शिक्का दिसेना, म्हणून ती वेगळी रचली आणि रद्दी घरी नेली. सोमवारी सकाळी आमचा बंब त्याच कागदांवर पेटला. यजमान न्हाऊन बाहेर आले आणि म्हणाले, "आज पाणी छान तापलं होतं."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर परत दुकानात आले. समोरच्या ओट्यावर तुमचे जिल्दसाज गफ्फारमियां नेहमीप्रमाणे पुस्तकं शिवत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाईसाब, वो पाँच पुडे मिले?"

"मिळाले. सोडून ठेवलेत."

त्यांची सुई थांबली. "सोडे? उनके ऊपर नाम थे ना. पिन्सलीसे लिखे थे, एकेक जनेका. सुतली मैंच बांधा."

"कोणाकोणाची नावं?"

"मेरेकू क्या मालूम? मराठी में थे."

मी तुमच्या स्टुलावर बसले. म्हणजे आजारी पडलात त्याच दिवसांत तुम्ही पाच माणसांसाठी पाच कादंबऱ्या काढून ठेवल्या होत्यात. तुमच्या हातची शेवटची शिफारस. आणि ती कोणाची कोणती, हे मी आंघोळीच्या पाण्याखाली जाळलं होतं. "बाई, तुमच्या हातात फडकं दिलं की काही शिल्लक राहत नाही," असं तुम्ही मला किती वेळा म्हणाला असाल. या वेळी म्हणायला हवे होतात. मला बोलून घेतलेलं चाललं असतं.

रडत बसण्यात अर्थ नव्हता. पाचही पुस्तकं पुढ्यात घेतली आणि प्रत्येकाचं एकेचाळिसावं पान उघडलं.

तुमची ही पद्धत दुसऱ्या कोणत्या दुकानात मी पाहिली नाही. भाड्याने पुस्तक न्यायला गिऱ्हाईक आलं की तुम्ही कादंबरीबद्दल चकार शब्द बोलायचा नाहीत. नावसुद्धा घ्यायचा नाहीत. "नाव लेखकाने ठेवलं, मला त्याचं काय," म्हणायचात. तुमच्याकडे "घोडा हरवतो ती" असायची, "दोन बहिणींची" असायची, "विहिरीतली" असायची. जे काही सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून एकेचाळिसाव्या पानात ठेवायचात. चाळीस पानं लेखकाची, त्यानंतर दुकानदाराने तोंड उघडायचं, हा तुमचा कायदा. पुस्तक आवडलं नाही म्हणून कोणी परत आणलं, तर तुम्ही एवढंच विचारायचात : "चिठ्ठीत काय होतं?" सांगता आलं नाही की माणूस पुस्तकासकट घरी.

माझी तुमची ओळखही त्यावरूनच झाली. पंधरा वर्षं झाली त्याला. माझ्या वर्गात एक मुलगी गणिताच्या तासाला बाकाखाली कादंबरी वाचताना सापडली. ती कादंबरी घेऊन मी तुमच्याकडे भांडायला आले. मुलींना असलं काही देत जाऊ नका, म्हणाले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कितव्या पानावर होती?"

"साठ-सत्तर असेल."

"मग चिठ्ठी वाचून झाली म्हणायची. हुशार मुलगी आहे."

आणि मला एक पुस्तक दिलंत. घरी जाऊन मी आधी शेवटचं पान वाचलं. माझी ती सवयच होती. घरात सहा माणसांचं रांधायचं, शाळेच्या वह्या तपासायच्या, त्यातून वेळ काढून तीनशे पानं वाचायची आणि शेवटी नायिका तापाने गेली तर ते श्रम कोणी भरून द्यायचे? आठ दिवसांनी हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुमचा चेहरा कोणी जेवणाच्या पानात चप्पल ठेवावी तसा झाला. मग म्हणालात, "उर्दू शाळेत शिकलात ना, त्याचा परिणाम. पुस्तक उलटीकडून उघडता."

उर्दू शाळेत तर तुम्हीही शिकला होतात. निजामाच्या राज्यात दुसरी शाळा होती कुठे?

पुढच्या पुस्तकापासून तुम्ही गफ्फारमियांना सांगून माझ्या प्रतीची शेवटची सोळा पानं दोऱ्याने शिवून टाकायला लागलात. जाड पांढरा दोरा, कडेने पाच टाके. तिथवर पोचलं की मीच कात्रीने कापायचा. माझ्या घरी कादंबरी आली की आधी कात्री लपवा, असं यजमान पोरांना सांगायचे. पंधरा वर्षं आपण हे केलं. दोघंही चांगल्या वयाची माणसं.

रझाकारांच्या गडबडीच्या वर्षात मात्र तुमची खरी कसोटी लागली. पुण्या-मुंबईहून पार्सलं यायची बंद झाली. अर्धी गिऱ्हाइकं बायकापोरांना घेऊन सोलापूर-बार्शीला निघून गेली. जी राहिली त्यांनी दुकानातलं सगळं वाचून संपवलेलं. तुम्ही काय केलंत? नवी पुस्तकं नाहीत तर नव्या चिठ्ठ्या लिहिल्यात. तीच कादंबरी, चिठ्ठी दुसरी : ‘मागच्या खेपेला नायकाकडे पाहिलंत. या खेपेला त्याच्या मेव्हण्याकडे लक्ष ठेवा.’ मी ती मेव्हण्यावर लक्ष ठेवून परत वाचली आणि खरंच, नवंच पुस्तक निघालं. बाहेर काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत गफ्फारमियांनी तुम्हाला आठवडाभर स्वतःच्या घरी ठेवलं, आणि पोलीस ॲक्शननंतर तुम्ही त्यांना आणि त्यांच्या मुलांना तुमच्या दुकानाच्या माळ्यावर. दोघांनीही त्याबद्दल कधी कोणापाशी अवाक्षर काढलं नाही. मला कळलं ते माळ्यावर विसरलेल्या चिमुकल्या टोपीवरून.

मी तेव्हा रोज विचारायचे, या संस्थानाचं शेवटी होणार काय? तुम्ही म्हणायचात, "सगळं हैदराबाद शेवटचं पान शोधतंय. एकट्या तुम्हालाच नावं कशाला ठेवू?" पण दोरा मात्र शिवत राहिलात.

आणि या गेल्या डिसेंबरात मी तो तिसाव्या पानावरच कापला. थंडीचे दिवस, सहामाहीचे पेपर तपासायचे, कंटाळा आला होता. शेवट वाचला, पुस्तक परत आणलं आणि म्हटलं, शेवट काही जमलेला नाही. तुम्ही कापलेल्या दोऱ्याकडे पाहिलंत. चिठ्ठीत काय होतं, हेसुद्धा विचारलं नाहीत. "यापुढे तुम्हाला पुस्तक मिळणार नाही," म्हणालात आणि कोणा गिऱ्हाइकाशी बोलायला लागलात. मलाही राग आला. पंधरा दिवस मी त्या गल्लीत फिरकले नाही. मग तुमच्या छातीत कफ झाल्याचं कळलं, आणि मी यायचं ठरवेपर्यंत तुम्ही निघून गेला होतात.

म्हणून सोमवारी ती पाच पुस्तकं उघडताना मी चिठ्ठ्यांच्याही आधी कडा पाहिल्या. एकाही पुस्तकाला दोरा नव्हता. म्हणजे पाचांत मी नव्हते. बरं, म्हटलं. बोलल्याप्रमाणे वागलात.

चार पुस्तकांत चिठ्ठ्या होत्या. पाचव्याच्या एकेचाळिसाव्या पानावर काही नव्हतं. चाळीस पाहिलं, बेचाळीस पाहिलं, एकतीसही पाहिलं. काही नाही. ते चुकून गुंडाळलं गेलं असेल असं समजून पिशवीच्या तळाशी टाकलं. उरलेल्या चार चिठ्ठ्यांवरून माणसं शोधायची होती. चिठ्ठीवर तुम्ही नाव घालत नव्हता. पुस्तक परत आलं की चिठ्ठी दुसऱ्याला उपयोगी पडते, म्हणायचात. ती तुमची थाप होती. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला कधीच लागू पडली नाही, हे मला या आठवड्यात कळलं.

पहिली सोपी निघाली, कारण ती उर्दूत होती : ‘आहिस्ता पढ़िए. यहाँ कोई जवाब तलब नहीं करेगा.’ म्हणजे हळू वाचा, इथे कोणी खुलासा मागणार नाही. महसूल खात्यात तीस वर्षं उर्दूत टिपणं लिहिणारा आणि मराठी ओळ बोटाने वाचणारा माणूस माझ्याच घरात आहे. आता कचेरीत इंग्रजी आली आणि यजमानांचं सगळं देखणं उर्दू पेन्शनीत निघालं. त्यांच्यासाठी तुम्ही "म्हशीच्या खटल्याची" काढली होतीत. मंगळवारी सकाळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. तासाभराने ओट्यावरून हसू ऐकू आलं. बाहेर जाऊन पाहते तर बोट अजून नवव्या पानावर. "म्हशीला समन्स निघालंय," एवढंच म्हणाले आणि परत हसायला लागले. तो माणूस असा हसलेला मी बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. हे तुम्हाला सांगायचं राहू नये म्हणून इथे लिहिते.

दुसरी चिठ्ठी : ‘मोठ्याने वाचायला चांगली. वाचणारी दमली तर राजवाड्याची वर्णनं गाळावीत. तलवार निघाली की एक ओळही गाळू नये.’ नामपल्लीच्या राधाक्का, दुसऱ्या कोण? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नातसून वाचून दाखवते. संध्याकाळी तिळगुळाचा डबा आणि "गढीच्या वेढ्याची" घेऊन गेले. त्यांनी पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलं.

"जाड आहे. बरं झालं. गढी पडते का गं शेवटी?"

"मला माहीत नाही, राधाक्का."

"तुला माहीत नाही? तू तर शेवट आधी वाचतेस म्हणे. अंबादास साऱ्या गावाला सांगत होता."

"या वेळी नाही वाचला."

"आजारी आहेस का?" असं म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

खरंच वाचला नव्हता. पाचांपैकी एकाही पुस्तकाचा नाही. दुसऱ्यांच्या नावाने ठेवलेली पुस्तकं होती, म्हणून असेल.

उरलेल्या दोघांसाठी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझा हिशेब पक्का होता. ‘खुनी तुम्ही ओळखालच. समासात लिहू नये, पुढच्याचा घास जातो’ ही चिठ्ठी असलेली "बंद खोलीची" सिकंदराबादच्या विनायकरावांची. रिटायर्ड गार्ड, या कानापासून त्या कानापर्यंत मिशा, दुकानात बसून खुनी कोण ते सगळ्यांना आधी सांगणारे. आणि ‘डोळ्यांत पाणी आलं तर धूर गेला म्हणून सांगावं’ ही चिठ्ठी असलेली बंगालीवरून आलेली "हरवलेल्या मुलाची" तारनाक्याच्या सुशीलाची. रेल्वे क्वार्टरमधली नवी सून, दिवसभर चुलीपुढे. धूर म्हटल्यावर आणखी काय विचार करायचा?

विनायकरावांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"मास्तरीणबाई, हे माझं नव्हे."

"का? खुनी तुम्हीच ओळखता ना?"

"ते चारचौघांत म्हणायचं असतं." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खून मी वाचतच नाही हो. मग झोप लागत नाही. तुमच्या पिशवीत ते दुसरं कोणतं आहे?"

मी "हरवलेल्या मुलाची" दिली. चिठ्ठी वाचून त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. हसत होते.

"तीस वर्षं गाडीवर हेच सांगत आलो. ब्रेकव्हॅनमध्ये बसून वाचायचं आणि स्टेशन आलं की म्हणायचं, इंजिनाचा धूर गेला डोळ्यांत. ही गोष्ट अंबादासरावांशिवाय कोणालाही ठाऊक नाही."

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "रडायचं पुस्तक आलं वाटतं. पंचा धुऊन दोरीवर घातलाय हो."

तारनाक्याला सुशीला दारातच उभी होती. "बंद खोलीची" पाहून तिने आधी एकेचाळिसावं पान काढलं, चिठ्ठी वाचली आणि तिचे कान लाल झाले.

"एकदाच लिहिलं होतं हो, काकू. ‘हा माळी बरा नाही’, एवढंच."

"ते तू लिहिलं होतंस? ती प्रत तुझ्यानंतर माझ्याकडे आली होती."

"अगबाई. मग?"

"मग काय, माळीच निघाला."

"मी सांगितलंच होतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून हसलो. तिने मला बसवून चहा दिला. तुम्ही तिला पहिल्या दिवशी काय विचारलं होतंत ते सांगितलं. लग्न होऊन आलेली, शहरात ओळखीचं कोणी नाही. तुम्ही विचारलंत, "माहेरी कोणाचा संशय यायचा?" म्हणाली, सगळ्यांचाच. त्यावर तुम्ही तिला पहिली डिटेक्टिव्ह दिलीत. अंबादासराव, मला मुली शिकवायला वीस वर्षं झाली. हा प्रश्न मला कधी सुचला नसता.

संध्याकाळी परत आले तेव्हा पिशवीत एकच पुस्तक होतं. काम झालं, म्हटलं. मी जाळलेली चार नावं परत जागेवर गेली. ते पाचवं शाळेच्या ढिगात ठेवायला दुकान उघडत होते, तर समोरून गफ्फारमियांनी हाक मारली.

"सब हो गए, बाईसाब?"

"चार झाले. हे एक असंच आहे. यात चिठ्ठी नाही."

"चिट्ठी नहीं, ऐसा होताच नै. दिखाओ." त्यांनी खळीचे हात लुंगीला पुसले, पुस्तक घेतलं आणि आयुष्यभर जसं उघडत आले तसं उघडलं. उर्दूसारखं, मागच्या पुठ्ठ्याकडून.

शेवटच्या पानावर चिठ्ठी होती.

तुमचं अक्षर थोडं हललं होतं, ताप असणार. ‘आलात का इथे? याल हे ठाऊक होतं, म्हणून दोरा घातला नाही. तुम्ही गेल्यावर विचार केला. ही कादंबरी मी सहा वेळा वाचली आहे. म्हणजे पाच वेळा शेवट ठाऊक असून वाचली. तेव्हा या मुद्द्यावर तुमचं बरोबर असेल. लिहून देतो. आता पहिल्या पानावर चला.’

मी ती परत वाचली आणि मला हसू फुटलं. गफ्फारमियां घाबरले, बाईसाब रडतायत की काय म्हणून. त्यांना कसं समजवायचं? पंधरा वर्षांत तुम्ही एकदाच हार कबूल केलीत आणि ती मी जिथे हमखास जाणार तिथे ठेवलीत. आणि पंधरा वर्षांत मी एकदाच तुमचं ऐकलं आणि तिथे गेले नाही. दोन दिवस ते पुस्तक पिशवीच्या तळाशी ठेवून मी नामपल्ली, सिकंदराबाद, तारनाका फिरवलं. मनात तुमच्याशी भांडत.

सगळं समजावून सांगितल्यावर गफ्फारमियां पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाले, "ये तो वोइच है. नदीपार की मास्टरनी का किस्सा. मैं सिलाई करता था, वो सुनाते थे. आधाच सुनाए." मग पुस्तक माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आगे क्या हुआ, मेरेकू बी नै मालूम."

म्हणजे त्यांच्याजवळही शेवट नव्हता.

तुमच्या चिठ्ठीचं उत्तर द्यायचं तर आता कुठे द्यायचं? तुम्ही माझा मुद्दा मान्य केलात, पण मला तुमचा कधी मान्य झाला हे तुम्हाला कळलं नाही. तो मला राधाक्कांच्या घरी मान्य झाला. गढी पडते का, हे मलाही माहीत नव्हतं, आणि म्हातारी पुस्तकाचं वजन पाहत असताना मला तिचा हेवा वाटला. तेव्हाच तुमच्याकडे येऊन सांगावं, असं इतकं वाटलं की नामपल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षावाल्याला मी आधी तुमच्याच गल्लीचा पत्ता सांगितला.

गुरुवारी सकाळी सातला पोळ्या करून घराबाहेर पडले. गफ्फारमियां ओट्यावर पाणी शिंपडत होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेवटची सोळा पानं शिवून द्या म्हटलं. जाड दोरा, पाच टाके. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मेण लावून दोरा ओवला. शिवून झाल्यावर मी तुमचं स्टूल ओट्याजवळ ओढलं, त्यांनी दुसरं काम हातात घेतलं आणि मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जिथे मराठी अडली तिथे ते "हां?" म्हणत, मी सांगत गेले. शाळेची वेळ होईपर्यंत आम्ही एकेचाळिसाव्या पानावर पोचलो. तुमची चिठ्ठी तिथे ठेवली आणि पुस्तक मिटलं.